कॅनव्हास सैल का पडतो? कापडाआधी चौकट आणि अस्तर बघा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी सिंहगड रस्त्याला राहते. बँकेतून निवृत्त झाल्यावर चित्रकला पुन्हा हातात घेतली. ॲक्रिलिकमध्ये काम करते, विषय बहुतेक पुण्यातले जुने वाडे आणि नदीकाठचे घाट. या पावसाळ्यात मी आणलेले चार तयार कॅनव्हास सैल पडले, एकाच्या तर चौकटीलाच पीळ बसला. कॅनव्हास बोर्ड आणले होते, त्यांचे कोपरे वर उचलले गेलेत. डिसेंबरात आमच्या क्लासच्या ग्रुपचं प्रदर्शन आहे. मला तीन चित्रं द्यायची आहेत: दोन लहान, 12×16 इंचांची, वाड्यांची; आणि एक मोठं, तीन फूट बाय चार फूट, घाटाचं. दुकानदार म्हणतात, लिननच घ्या. मैत्रीण म्हणते, मांजरपाट आण आणि भिंतीचा प्रायमर फेव्हिकॉलमध्ये कालवून घरीच लाव. ऑनलाइन पाच-पाचचे गठ्ठे स्वस्तात मिळतात. पुढे तैलरंगही करायचं मनात आहे. जुन्या कॅनव्हासवर पुन्हा रंगवलं तर चालतं का? नेमकं काय घेऊ ते सांगाल का?

– एक वाचक

ताई, नमस्कार.

लिनन घ्यायची घाई करू नका. तुमच्या कॅनव्हासचं जे झालं ते कापड सुती होतं म्हणून झालेलं नाही. तीच चौकट, तोच ढिला ताण आणि तेच पातळ अस्तर ठेवून वर लिनन चढवलं असतं, तरी पुढच्या जुलैत तुमची हीच तक्रार असती, आणि पैसे कितीतरी जास्त गेले असते. चित्राला खालून तीन गोष्टी आधार देतात. एक चौकट किंवा फळी, दुसरं तिच्यावरचं कापड किंवा कागद, आणि तिसरं त्याच्यावर चढवलेलं अस्तर, म्हणजे आपण ज्याला प्रायमिंग किंवा जेसो म्हणतो ते. दुकानात गेल्यावर आपण सगळी चौकशी मधल्या गोष्टीची करतो. दगा मात्र बहुतेक वेळा पहिली आणि तिसरी देते.

सैल का पडतो ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा कोरडीठाक असते आणि जूनमध्ये पाऊस लागला की चार महिने ओली. कापूस ओलावा पितो आणि हवा कोरडी झाली की सोडतो. लाकूडही तेच करतं, पण त्याची चाल वेगळी: ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. कापड एका चालीने हलतंय, चौकट दुसऱ्या. अशा प्रत्येक फेरीत ताण्याबाण्याचे धागे थोडे थोडे सरकून बसतात आणि पहिल्या दिवशी दिलेला ताण उतरत जातो. गणपतीआधी ढोलपथकांचे सराव चालू असतात तेव्हा बघा, पावसाळी हवेत चामड्याचं पान उतरलं की मुलं दोरी ओढून ते पुन्हा चढवतात. कॅनव्हास उतरणारच. तो पुन्हा चढवायची सोय चौकटीत आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

ती सोय म्हणजे पाचर. चांगल्या स्ट्रेचर चौकटीचे कोपरे गोंद लावून पक्के केलेले नसतात. पट्ट्या एकमेकींत खाचेने बसवलेल्या असतात आणि आतल्या बाजूला प्रत्येक कोपऱ्यात दोन बारीक पाचरींसाठी फट ठेवलेली असते. पाचर हलक्या हाताने ठोकली की सांधा केसभर उघडतो आणि कापड दोन्ही दिशांनी ताणलं जातं. बाजारातले बहुतेक स्वस्त तयार कॅनव्हास याच्या उलट असतात: कोपरे गोंदाने आणि पिना मारून कायमचे बंद. दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून दुकानात कॅनव्हास हातात घेतला की आधी उलटा करा आणि मागून कोपरे बघा.

उलटा केलाच आहे, तर आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली, पट्टीचा कापडाकडचा भाग आतल्या कडेकडे उतरता हवा, म्हणजे कापड फक्त बाहेरच्या काठावर टेकेल. पट्टी सपाट असेल तर कापड तिच्यावर पूर्ण रुंदीभर टेकतं आणि रंगवताना ब्रशच्या दाबाने आतल्या कडेची सरळ रेघ चित्रात उमटते. ती नंतर कशानेही जात नाही. दुसरी, लाकडाच्या गाठी. पट्टीच्या मधोमध मोठी गाठ असेल तर ती पट्टी तिथूनच वाकते. तुमच्या एका चौकटीला पीळ बसला तो बहुधा लाकूड ओलं असतानाच कापलं होतं म्हणून. त्या चौकटीवर वेळ घालवू नका. पीळ बसलेलं लाकूड सरळ होत नाही, कापड मात्र काढून दुसरीकडे वापरता येईल.

आता तुमचं मोठं चित्र. तीन फूट बाय चार फूट मापाला तयार कॅनव्हास मी सुचवणार नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून वाळलेलं पाइन घ्या, किंवा जुन्या सागवानाच्या पट्ट्या मिळाल्या तर त्या. वाडे उतरतात तेव्हा निघणारं सागवान अनेक दशकं वाळलेलं असतं, आणि इतकं जुनं लाकूड पुढे फारसं हलत नाही. ते वजनाला जड, ही एकच अडचण. ओळखीच्या सुताराला पाचरीची चौकट म्हणजे काय ते एकदा चित्र काढून दाखवा, त्याला ते अवघड नाही. पट्टीची खोली दीड इंच ठेवा, म्हणजे बाजूही रंगवता येतील आणि वेगळ्या फ्रेमचा खर्च वाचेल. मधे एक उभी आणि एक आडवी पट्टी हवीच. चार फुटांची पट्टी नुसती ठेवली तर कापडाच्या ताणाने ती मधे आत ओढली जाते. चौकट जुळल्यावर गुण्या लावून कोपरे बघा आणि मग टेपने दोन्ही कर्ण मोजा. तुमच्या 36×48 मापाचा कर्ण बरोबर 60 इंच यायला हवा. एक कर्ण 60 आणि दुसरा साडेएकोणसाठ आला तर चौकट तिरकी आहे. तुम्ही घाटाच्या पायऱ्या रंगवणार, आडव्या रेषाच रेषा. तिरक्या चौकटीत त्या पायऱ्या कधीच नीट बसणार नाहीत, आणि दोष तुम्ही स्वतःच्या हाताला देत राहाल.

कापडाचं सांगते. मोठ्या चित्राला सुती डक कॅनव्हास घ्या, म्हणजे घट्ट विणीचं जाड सुती कापड. वजन बघताना एक फसगत होते. काही ठिकाणी जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम) आकडा नुसत्या कापडाचा देतात, काही ठिकाणी अस्तर धरून. 380 जीएसएम लिहिलेला कॅनव्हास प्रत्यक्षात पातळ कापडावर जाड थर चढवलेला असू शकतो. म्हणून कापड किती आणि अस्तरासह किती, हे दोन वेगळे प्रश्न विचारा. नुसतं कापड औंसात (दर चौरस यार्डाला) सांगितलं तर 10 औंस म्हणजे साधारण 340 जीएसएम. तीन-चार फुटांच्या चित्राला एवढं वजन पुरतं. त्याहून हलकं कापड एवढ्या मोठ्या चौकटीवर पोटात येतं.

वीण बघायची ती उजेडासमोर धरून. ताणा आणि बाणा सारख्या जाडीचा दिसला पाहिजे, मधेच जाड गाठीचे धागे नकोत. वीण बारीक की जाड हे विषयावर ठरवा. पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीने, रंग थापणाऱ्याला जाडी वीण मानवते, ती रंग धरून ठेवते. तुमच्या घाटाच्या चित्रात पाणी, आकाश आणि लांबवरच्या पायऱ्या आहेत, तिथे मध्यम वीण बरी.

लिनन कुठे उजवं ठरतं हेही सांगायला हवं, नाहीतर दुकानदारांवर अन्याय होईल. लिननचा धागा जवसाच्या खोडातून निघतो, ज्या झाडाच्या बियांचं तेल तैलरंगात असतं तेच हे झाड. हा धागा लांब आणि बळकट असतो, कापसापेक्षा कमी ताणला जातो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. विणीत एक जिवंत असमानपणा असतो, तो अनेक चित्रकारांना हवाहवासा वाटतो आणि मलाही आवडतो. पण लिननलाही ओलावा लागतो, तेही हलतं, आणि नीट अस्तर नसेल तर तेही सडतं. तुमचं ॲक्रिलिकचं काम, पहिलं प्रदर्शन आणि मोठं माप लक्षात घेता आज लिननवर घालायचे पैसे चांगल्या चौकटीवर आणि चांगल्या जेसोवर घाला. दोन-तीन वर्षांनी तैलरंगात हात बसला की लिननचा एखादा मीटर घेऊन बघा.

पॉलिएस्टरचं मिश्रण असलेले कॅनव्हासही मिळतात. ते सहजासहजी सडत नाहीत आणि ओल्या हवेत कमी हलतात, त्यामुळे ते टाकाऊ नाहीत. पण डिजिटल छपाईचा कॅनव्हास चुकूनही घेऊ नका. त्याच्यावरचा थर शाई शोषायला बनवलेला असतो, ब्रशने चढवलेल्या रंगाचा भार पेलायला नव्हे.

आता अस्तर. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रं थेट कातळावर काढलेली नाहीत. आधी मातीत भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग रंग. आज तिथे ज्या जागा रिकाम्या दिसतात, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी रंग फिका पडलेला नाही, खालचा गिलावाच कातळापासून सुटून पडला आहे. रंग टिकतो की नाही हे तो कशावर बसलाय आणि ते खालचं खालच्याला किती घट्ट धरून आहे, यावर असतं. कॅनव्हासवरही हेच घडतं.

अस्तर लावलेला कॅनव्हास दुकानात तपासायच्या सोप्या पद्धती आहेत. उजेडासमोर धरा, टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर थर अपुरा आहे, तिथून रंग मागे झिरपणार. कोरड्या बोटाने जोरात घासा. बोटाला खडूसारखी पांढरी पूड लागली तर त्यात पूड जास्त आणि बांधणारा घटक कमी. ओल्या बोटाने घासल्यावर दुधाळ पाणी सुटलं तर तो कॅनव्हास तिथेच ठेवून या. गुंडाळीतून तुकडा कापून घेणार असाल तर कोपरा दुमडून बघायची परवानगी मागा. घडीवर तडे गेले तर अस्तर ठिसूळ आहे. आणि अस्तर ॲक्रिलिकचं आहे की तेलाचं, हे स्पष्ट विचारा. तेलाच्या अस्तरावर ॲक्रिलिक धरत नाही. आज ना उद्या त्याचे पापुद्रे सुटतात.

तुमच्या मैत्रिणीची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे आणि अनेकांनी पैशाअभावी तिच्यावर शिक्षण पूर्ण केलं आहे. तिला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. सरावाला खुशाल वापरा. पण जे चित्र कोणी विकत घेऊन दिवाणखान्यात लावणार आहे, त्याखाली नको. भिंतीचा प्रायमर भिंतीसाठी बनवलेला असतो. त्यात भराव भरपूर असतो, कारण भिंत हलत नाही. कापड रोज हलतं, गुंडाळलं जातं, बोटाने मागून दाबलं जातं. तिथे लवचीक थर हवा. लाकूड जोडायचा साधा पांढरा गोंद ओल्या हवेत मऊ पडतो, आणि आपला सगळा प्रश्न ओल्या हवेचाच आहे.

मांजरपाटाची कल्पना मात्र चांगली आहे, ती सोडू नका. चौकटीवर ताणायला ते पातळ पडतं, पण फळीवर चिकटवायला अगदी योग्य. आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाका. त्यात कापडही आटून घेतं. वाळवून इस्त्री करा. मग कसं वापरायचं ते लहान चित्रांपाशी सांगते.

घरी जेसो चढवायचा असेल, आणि मोठ्या चित्राला तुम्ही तो चढवावाच असं मला वाटतं, तर कोरं डक कापड आणा. दीड इंच खोल चौकटीला प्रत्येक बाजूने तीन इंच जास्त धरा, म्हणजे 42×54 इंचांचा तुकडा. धागे चौकटीच्या कडांना समांतर ठेवून प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक-एक पिन मारा, समोरासमोर. मग मध्याकडून कोपऱ्यांकडे दोन-दोन पिना करत सरका, प्रत्येक वेळी समोरची बाजू ओढून. कोपरे सगळ्यात शेवटी. ओढायला कॅनव्हासची चपटी पक्कड मिळते. हाताने ओढून चार फुटांचं कापड सारखं ताणलं जात नाही आणि बोटं सोलतात. पिना शक्यतो न गंजणाऱ्या घ्या. लोखंडी चुका पावसाळ्यात गंजतात आणि त्यांच्याभोवतीचं कापड आधी कुजतं. बोहरी आळीत स्टेपल गन आणि पिना दोन्ही मिळतील.

पहिला हात जेसोत थोडं पाणी घालून द्या, रुंद ब्रशने, विणीत घासून. वाळल्यावर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, पूड ओल्या फडक्याने टिपा. दुसरा हात आडवा, तिसरा पुन्हा उभा. तीन हात पुरतात. वाड्यांच्या कोरीव कामासारखं बारीक काम असेल तर चौथा द्या. ओल्या हवेत प्रत्येक थराला वाळायला जास्त वेळ लागतो. हाताला कोरडा लागला म्हणून लगेच पुढचा चढवू नका, आत ओल राहते. आणि पातळ, पारदर्शक थरांत काम करणार असाल तर जेसोच्या आधी ॲक्रिलिक मीडियमचा, म्हणजे रंग न मिसळलेल्या पारदर्शक ॲक्रिलिकचा, एक हात द्या. नाहीतर ओले थर वाळताना कापडातली पिवळसर मळी वर ओढून घेतात आणि चित्राला पिवळट झाक येते. रंग खराब निघाला असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ती मळी कापडातली असते.

लहान दोन चित्रं चौकटीवर करूच नका, फळीवर करा. युरोपात आधी सुटी चित्रं बहुतेक लाकडी फळ्यांवर होत. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये कापड रुळलं, कारण मोठी चित्रं हलकी हवी होती, गुंडाळून नेता यायला हवी होती आणि समुद्राच्या दमट हवेत भिंतीवरची चित्रं टिकत नव्हती. 12×16 इंचांच्या चित्राला यातलं काहीच लागू नाही. लहान फळी वजनाला जड होत नाही, सैल पडत नाही, कोणी मागून बोट दाबलं तरी तडा जात नाही. आणि वाड्याचे खांब, तुळया, गजांच्या खिडक्या या सरळ रेषांना घट्ट, न लवणारा पृष्ठभाग मिळाला की हाताला लगेच फरक कळतो.

मग तुमचे बोर्ड का वाकले? तयार कॅनव्हास बोर्डात बहुतेकदा पुठ्ठा असतो. पुढच्या बाजूला कापड आणि अस्तर, मागे उघडा पुठ्ठा. मागची बाजू ओलावा पिते, पुढची पीत नाही, म्हणून तो वाकतो. लाकडाचंही असंच असतं. मोनालिसा पॉप्लरच्या फळीवर रंगवलेली आहे. ती फळी काळाच्या ओघात वाकली आहे आणि वरच्या कडेपासून तिला जुनी चीरही आहे. म्हणून नियम असा धरा: पुढे जे लावाल ते मागेही लावा, आणि कडांना सगळ्यात आधी.

फळी कुठली? सहा मिलिमीटरचं मरीन प्लाय घ्या, IS 710 असा शिक्का असलेलं. साधं कमर्शियल प्लाय थोडं स्वस्त, पण ओल्या हवेत थर सुटायची भीती. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, गुळगुळीत असतं, कापायला सोपं असतं, मात्र कडेतून पाणी शिरलं की फुगतं आणि पुन्हा बसत नाही. घेतलंत तर कडा दोन-तीनदा सील करा. प्लायला पॉलिश पेपर मारून ॲक्रिलिक मीडियमचा एक हात पुढे, मागे आणि कडांना द्या. वाळलं की पुढच्या बाजूला पुन्हा मीडियम लावून तुमचा धुतलेला मांजरपाट त्यावर पसरा, मध्यापासून कडेकडे हाताने दाबत हवा काढा, कडा मागे वळवा आणि वरून सपाट वजन ठेवून रात्रभर राहू द्या. मग जेसोचे तीन हात. कापडाची वीणही मिळते आणि फळीचा घट्टपणाही. कापड नकोच असेल तर थेट प्लायवर जेसो द्या, पण मग प्लायच्या रेषा वर दिसू नयेत म्हणून प्रत्येक हातानंतर घासावं लागेल.

साइनबोर्डवाल्यांकडे मिळणारा ॲल्युमिनियम कंपोझिट पत्राही बघून ठेवा, ज्याला सगळे एसीपी म्हणतात. दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा. त्याला ओलावा लागत नाही, वाळवी लागत नाही, तो वाकत नाही. त्यांच्याकडे उरलेले तुकडे पडलेले असतात, ते पाहिजे त्या मापाला कापून देतात. वरचा चकचकीत थर पॉलिश पेपरने पूर्ण मॅट होईपर्यंत घासायचा, स्पिरिटने पुसायचा, मग जेसो. घासण्यात कुचराई केली तर जेसो पत्र्यासारखा सोलून येईल. आपल्या हवेसाठी याहून स्थिर पृष्ठभाग मला माहीत नाही. तुमच्या दोनांपैकी एक वाडा प्लायवर आणि एक यावर करा, म्हणजे पुढचं तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

कागदाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण आधीची रेखाटनं तुम्ही कशावर तरी करत असालच. ॲक्रिलिकचा कच्चा आराखडा 300 जीएसएमच्या कागदावर एक हात जेसो देऊन उत्तम होतो. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून बनलेला कागद हाताळून बघायचा असेल तर तिथे एकदा जाऊन या. जलरंगाचा कागद मात्र पावसाळ्यात पिशवीत बंद ठेवा. ओलाव्याने त्यातला चिकट अंश मरतो आणि मग रंग टीपकागदावर टाकल्यासारखा ठिकठिकाणी शोषला जातो.

तैलरंग. ॲक्रिलिक जेसोवर तैलरंग चालतो, त्याबद्दल मनात शंका ठेवू नका. जेसो पूर्ण वाळू द्या, दोन-तीन दिवस. ॲक्रिलिकच्या वर तैलरंग चालतो. तैलरंगाच्या वर ॲक्रिलिक कधीच नाही. कोऱ्या कापडावर तैलरंग लावू नका. जवसाचं तेल वाळताना कापडाच्या धाग्यालाच जाळत नेतं, काही वर्षांत कापड हातात तुटतं. सरस, खडूची पूड आणि झिंक ऑक्साइडचं घरगुती अस्तर अजून काहीजण वापरतात. सरसाचं अस्तर न हलणाऱ्या फळीवर ठीक. कापडावर नको, कारण सरस पावसाळ्यात मऊ पडतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. झिंकचं एक वेगळं दुखणं आहे: तेलात ते वर्षांनुवर्षं ठिसूळ होत जातं आणि थर सुटतात. पांढरा घ्यायचा तर टायटॅनियम घ्या, आणि नळीच्या मागे बारीक अक्षरात त्यात झिंक मिसळलंय का ते वाचा.

जुन्या कॅनव्हासवर पुन्हा रंगवता येतं. तुमचं सगळं काम ॲक्रिलिकचं आहे, त्यामुळे उंचवटे पॉलिश पेपरने खाली आणा, ओल्या फडक्याने पुसा, जेसोचे दोन हात द्या. वॉर्निश मारलेलं असेल तर ते आधी घासून काढावं लागेल. सैल पडलेल्या चारांपैकी ज्यांची चौकट सरळ आहे, त्यांचं कापड पिना काढून पुन्हा ताणा. मागून कोमट पाण्याचा हलका फवारा मारला की सुती कापड आक्रसतं आणि ताठ दिसतं, हा उपाय तुम्हाला कोणीतरी सांगेलच. एकदा-दोनदा ठीक. दर आठवड्याला केला तर कापड आणखी सैल होतं आणि मागे बुरशी धरते.

ऑनलाइन गठ्ठ्यांचं थोडक्यात: रंगांचे नमुने करायला, वर्गात पटकन अभ्यास करायला घ्या. प्रदर्शनाला नको. मागचे कोपरे आणि अस्तर बघितल्याशिवाय पाच एकदम घेण्यात काही राम नाही.

वेळेचा हिशोब असा लावा. चौकट सुताराकडे नवरात्रात टाका, कापड पाऊस पूर्ण ओसरल्यावर ताणा, तोवर प्लायची फळी तयार करून लहान वाडा सुरू करा. ऑक्टोबरअखेर मोठा कॅनव्हास जेसोसह तयार असला की तुमच्याकडे रंगवायला महिना तरी राहतो. काम चालू असताना तो बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, त्या भिंतीत पावसाची ओल बराच काळ राहते. प्रदर्शनाला नेताना ॲक्रिलिकच्या चेहऱ्यावर थेट बबल रॅप गुंडाळू नका, फुगे रंगात उमटतात. आधी बटर पेपर, मग रॅप. आणि पाचरी मागे एका पिशवीत घालून चौकटीला चिकटवून द्या. जो कोणी तुमचा घाट विकत घेईल त्याला पुढच्या पावसाळ्यानंतर त्या लागतील. त्या कशा ठोकायच्या, हे दोन ओळींत लिहून सोबत ठेवा.

वाकलेले बोर्ड दोन्ही बाजूंनी जेसो देऊन सपाट वजनाखाली ठेवून बघा. कोरे असतील तर बरेचसे सरळ होतात. नाही झाले तर पॅलेट म्हणून वापरा.